रक्ताचे सहाशे चाळीस

गुरुवार, २३ मे १९५७

रोझी परेराला आणायला बॅलार्ड पियरला गेले. शाळेत ती माझ्याच बाकावर बसायची आणि माझ्या वहीत बघून लिहायची. आता सिंगापूरला मुलाकडे असते आणि तिथला उकाडा इथल्यापेक्षा कसा चांगला ते पत्रातून कळवते. बोट उशिरा लागली. रोझी उतरली ती नाक पुसतच. डोळे लाल, आवाज बसलेला. म्हणाली, बोटीवर निम्मी माणसे अशीच होती, समुद्राची हवा बाधली. मी तिला सांगितले की समुद्राची हवा कुणाला बाधत नाही, बाधतो तो आळस.

तरी वीस वर्षांनी भेटलो. गळ्यात पडलो, रडलो (ती जास्त), इराण्याकडे एका बशीत दोघींनी केक खाल्ला. मग तिचे मेहुणे येऊन तिला वसईला घेऊन गेले. मला बिस्किटांचा डबा दिला आहे. झाकणावर राणीचे चित्र आहे. राणी रोझीपेक्षा तब्येतीने बरी दिसते.

साठीला मला असे शेंबडे व्हायचे नाही. थंड पाण्याची आंघोळ, पहाटे चौपाटीपर्यंत चालणे आणि तोंड मिटून नाकाने श्वास. या तीन गोष्टींवर मी तेहतीस वर्षे मुलींना आरोग्यशास्त्र शिकवले आणि तेहतीस वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतली नाही.

शनिवार, २५ मे

दिवसभर शिंका. कारण उघड आहे. माझ्या खोलीच्या बरोबर खाली कौसल्या सावंतची खानावळ आहे आणि आज तिने सुकटीच्या चटणीला मिरचीची फोडणी दिली. मालवणची विधवा बाई, छापखान्यातली पंधरा-वीस माणसे तिच्याकडे जेवतात, त्यांना काही शिंका येत नाहीत. येणार कशा? सवय झाली आहे त्यांच्या नाकांना. मी गॅलरीतून ओरडून सांगितले की ठाकूरद्वार म्हणजे मालवणचा मासळीबाजार नव्हे. ती खालून म्हणाली, "नाक धरा बाई, दोन मिनिटांत झाला."

दुपारी थोडे पडले. मी कधी दुपारी पडत नाही. काल रात्री संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेचा कर्णा अकरापर्यंत चालू होता, त्याचा हा परिणाम.

रविवार, २६ मे

जीभतपासणी व्यवस्थित पार पडली. सुट्टीत पोरे दिवसभर बर्फाचे गोळे खातात, त्यामुळे मे महिन्यात मी एकही रविवार चुकवत नाही. मुले पहिल्या मजल्यावर ओळीने उभी राहतात, प्रत्येकाने आ करायचा, मी चमच्याच्या दांड्याने जीभ खाली दाबून घसा बघायचा. चमचा चांदीचा आहे. सिस्टर बर्नाडेटनी मला आरोग्य विषयातले पहिले बक्षीस म्हणून दिला होता, दांड्यावर शाळेचे चिन्ह आहे. प्रत्येक जिभेनंतर मी तो माझ्या रुमालाने स्वच्छ पुसते. इतर कुणी असते तर परकरालाच पुसला असता.

घसा नीट दिसावा म्हणून फार वाकावे लागते. आज मध्येच दोनदा शिंक आली (फोडणीचा अंमल अजून आहे), पण मी तोंड रुमालात घेतले. तपासणीनंतर सर्वांना रोझीची बिस्किटे वाटली. पहिली आली ती एक नंबरच्या खोलीतली, अण्णा मयेकरांची नात शांता. नंतर दोन नंबरातले दोघे, तीन नंबरातली तिघे. शेवटी तीन नंबरात भाड्याने राहणारा भिवा कंपोझिटर, इतका मोठा घोडा, बिस्किटासाठी जीभ काढून उभा राहिला. त्याचीही बघितली. पान खातो.

तळमजल्यावर मी जात नाही. खानावळीच्या बाईला तपासणीचे सांगायला गेले होते गेल्या वर्षी, उंबऱ्याबाहेरूनच, तेव्हा ती म्हणाली, माझी जीभ माझ्याच तोंडात बरी आहे.

बुधवार, २९ मे

शांता तापाने फणफणली आहे. तिच्यामागून दोन नंबरातले दोघेही. अण्णांच्या बायकोला, कमलाबाईंना, मी स्पष्ट सांगितले की बर्फाचे गोळे. त्या म्हणाल्या, पोरीने महिनाभर गोळा खाल्लेला नाही. आया असेच सांगतात.

रविवार, २ जून

वर्तमानपत्रात आले आहे की हा फ्लू आहे, पूर्वेकडून बोटींनी येतो आहे आणि मुंबईत सर्वत्र पसरतो आहे. अण्णांचे मत वेगळे. अण्णा आमच्या चाळकमिटीचे अध्यक्ष आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे गिरगावातले कार्यकर्ते. त्यांच्या मते हा ताप दिल्लीहून आला. त्यांच्या मते सगळेच दिल्लीहून येते, फक्त मुंबई तेवढी येत नाही. भिवाने पांघरुणाखालून सांगितले की ताप द्वैभाषिक राज्याचा आहे, समोरच्या माळ्यावरच्या गुजराती शहांनाही आला आहे आणि आम्हालाही. एकशे तीन ताप असताना हा माणूस बोलतो कसा, मला कळत नाही.

आता तीन नंबर पूर्ण आडवे. चार नंबर निम्मे. कमलाबाई आज पडल्या. अण्णांचा आवाज गेला, पण तो घोषणांनी आधीच गेलेला होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटलेली नाही. आजार पहिल्या नंबरापासून ओळीने पुढे सरकतो आहे. कुणीतरी दारोदार जाऊन वाटावा तसा. दारोदार कोण जाते? कौसल्या. सकाळी उरलेली भाकरी वाटत फिरते. शिवाय दर रविवारी ती करी रोडला भावाकडे जाते. तिथे एका खोलीत बारा गिरणी कामगार झोपतात. आणि स्वतः? ठणठणीत. वाटणारा माणूस नेहमी स्वतः धडधाकट असतो, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल.

अशा वेळी तपासणी टाळून चालणार नव्हते. जे उभे राहू शकत होते त्यांच्या जिभा बघितल्या.

मंगळवार, ४ जून

कमिटीची बैठक झाली. चारच सभासद बसू शकत होते. मी तक्रार मांडली, मुद्देसूद. खानावळ बंद व्हावी. कौसल्याला बोलावले. ती हात पुसत आली, दारातच उभी राहिली.

"बाईनू, माका अजून ताप येवक नाय. मग मी तो कोणाक दिलंय?"

मी म्हटले, हाच तर पुरावा. अण्णांना बोलता येत नव्हते, त्यांनी नुसता हात वर केला. बाकीच्यांनीही केले. अण्णांना बहुधा पाणी हवे होते, पण ठराव झाला.

ही बातमी घरमालकाच्या गुमास्त्याला, दळवीला, कुणी सांगितली देव जाणे. संध्याकाळीच येऊन त्याने कौसल्याला सांगितले की खोलीत धंदा नाही तर खोलीही नाही, पंधरा जुलैपर्यंत रिकामी करा. मी हे मागितले नव्हते. मी फक्त चूल बंद करा म्हटले होते. पण दळवीला ती खोली केव्हापासून हवी आहे, ते सगळ्या चाळीला ठाऊक आहे. हा विषय माझा नाही.

शुक्रवार, ७ जून

परळहून एक डॉक्टर आले. डॉ. राजाराम सबनीस, तरुण, चष्मा, बूट मळलेले. ते फ्लूचा अभ्यास करत आहेत. त्यांना आजारी माणसांचे रक्त हवे आहे आणि ज्यांना काहीच झाले नाही अशांचेही हवे आहे. एकाच चाळीत, एकाच नळावर राहून काहींना ताप येतो आणि काहींना येत नाही, तेव्हा दोघांच्या रक्तात काय फरक पडतो ते बघायचे. आज एकदा घेणार, तीन आठवड्यांनी पुन्हा.

शेवटी कुणीतरी योग्य प्रश्न विचारला. मी स्वतःहून बाही वर केली. काहीच न झालेली मोठी माणसे चाळीत दोनच निघाली, मी आणि कौसल्या. तिला माझ्या शेजारी स्टुलावर बसवले. ती सुईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी थंड पाण्याच्या आंघोळीबद्दल डॉक्टरांना सविस्तर सांगितले. त्यांनी विचारले, गेल्या महिन्यात बोटीवरून आलेल्या कुणा आजारी माणसाशी संबंध आला का. मी म्हटले, आजारी नाही, रोझी परेरा. तिला नुसती समुद्राची हवा बाधली होती. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितले. तरुण डॉक्टरांना अनुभव कमी असतो.

जाताना कळले की आमच्या रक्तात कोंबडीचे रक्त मिसळून परीक्षा करतात. मी हरकत नोंदवली. कोंबडी कुठली, कुणाची, काय खाते, काहीच सांगता आले नाही त्यांना.

बुधवार, १२ जून

खानावळ बंद, त्यामुळे खाली सगळे थंड. वर सगळे गरम. कुणाच्याच घरात चूल पेटवण्याचे त्राण नाही. आज बघते तर कौसल्या मोठे पातेले घेऊन जिना चढते आहे. पेज. खानावळ चालवायची नाही असा ठराव आहे, पेज वाटायची नाही असा नाही, हे तिने अण्णांना सांगितले म्हणे. अण्णा दोन वाट्या प्यायले.

माझ्या दाराशी आली. मी आजारी नाही, मी म्हटले.

"ठाऊक आसा. पेज ठेवलंय. तुमका नको तर कावळ्याक घाला."

अशा हातची पेज खाणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. कावळा आला नाही. वाया जाऊ नये म्हणून मी संपवली. मीठ बरोबर होते.

बुधवार, २६ जून

दुसरे रक्त दिले. चाळ आता उठून बसली आहे. अण्णांचा आवाज परत आला, ही बातमी त्यांनी स्वतःच पहाटे पाचला सगळ्यांना दिली. छापखान्यातली माणसे समोरच्या हॉटेलात वडे खातात आणि पोट धरून येतात. भिवा माझ्या समोर आला की मुद्दाम लंगडतो. वडे पायात गेले का, असे मी विचारले.

कौसल्याने भांडी बांधायला घेतली आहेत. मोठी डेग करी रोडला भावाकडे पाठवली. तिथे चूल मांडायला जागा नाही, असे कमलाबाई सांगत होत्या. बारा माणसांत तेरावी झोपायलाच जागा नाही. मग जाणार कुठे, मी विचारले. कमलाबाई म्हणाल्या, तुम्हीच सांगा. कमलाबाईंची अलीकडे बोलण्याची पद्धत बिघडली आहे.

मंगळवार, ९ जुलै

अतिशय आनंदाचा दिवस. डॉ. सबनीस जिन्यात भेटले. घाईत होते, लालबागच्या चाळी करायच्या होत्या. मी वाट अडवून निकाल विचारला. म्हणाले, शुक्रवारी सगळ्यांना बसवून सांगणार आहे. मी म्हटले, माझा आत्ता सांगा.

"बाई, तुमचा आकडा सहाशे चाळीस. अख्ख्या चाळीत सर्वांत जास्त."

मला आश्चर्य वाटले नाही. मग विचारले, खालच्या खानावळवालीचे किती?

"तिचे दहाच्याही खाली. पण बाई, त्या आकड्यांचा अर्थ असा आहे की—"

मी त्यांना तिथेच थांबवले. तेहतीस वर्षे मी हा विषय शिकवला आहे, मला अर्थ सांगू नका. ते काही बोलणार होते, पण मग तोंड मिटून नाकाने श्वास घेऊ लागले. सवय चांगली आहे.

सहाशे चाळीस. शांताला तीनशे वीस, भिवाला एकशे साठ. आणि ती दहाच्या खाली. कुणाला नापास करायचे तर माझ्या वर्गातही मी पंधरा तरी देत असे.

शनिवार, १३ जुलै

काल काय झाले ते लिहिते. जसे झाले तसे.

अण्णांच्या गॅलरीत सगळी चाळ जमली. दळवीही आला, खोली कधी मोकळी होते ते बघायला. डॉक्टर बोलायला उभे राहिले, पण मी आधी उभी राहिले. कमिटीने माझा शब्द मानून खानावळ बंद केली, त्याला आता शास्त्राचाही दुजोरा मिळाला आहे, असे सांगून मी दोन्ही आकडे जाहीर केले. माझे सहाशे चाळीस. तिचे दहाच्या खाली. टाळ्या अपेक्षित नव्हत्या. पडल्याही नाहीत.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. म्हणाले, हे गुण नव्हेत. अंगात रोग शिरला की शरीर त्याच्याशी झुंजते आणि त्या झुंजीची खूण रक्तात राहते. आकडा त्या खुणेचा. जेवढा मोठा, तेवढी झुंज खरी. दहाच्या खाली म्हणजे रोगाने त्या माणसाला शिवलेलेच नाही.

"मग सहाशे चाळीस म्हणजे?" भिवाने विचारले. त्याला उत्तर ठाऊक होते, मला खात्री आहे.

"म्हणजे येऊन गेला."

मी सांगितले की मला ताप आला नाही. एकही दिवस नाही. डॉक्टर म्हणाले, काही माणसांना येतच नाही. दोन शिंका येतात, एखादी दुपार पडून राहावेसे वाटते, आणि तेवढ्यावर भागते. पण तेवढ्यात तो दुसऱ्याला देता येतो. तेच तर आम्ही शोधत होतो. मग हलक्या आवाजात, फार सभ्यपणे म्हणाले, "बाई, इतरांचा आकडा दुसऱ्या रक्तात वाढला. तुमचा पहिल्याच रक्तात एवढा होता. चाळ तापात होती तेव्हा तुमचा होऊन गेलेला होता. तुम्ही पहिल्या."

मी आयुष्यभर पहिली येत आले आहे.

मग कमलाबाई, अगदी सावकाश, जसा हिशेब लागत जावा तशा म्हणाल्या, "पहिली शांता. मग दोन नंबर. मग तीन. बाई, ही तुमच्या चमच्याची ओळ."

सगळे माझ्या हाताकडे बघू लागले. चमचा हातात नव्हता, तरी मी हात मागे घेतला.

कौसल्या दाराशी उभी होती, मागच्या वेळी होती तिथेच. मला वाटले आता ही बोलणार. तिने बोलायला हवे होते. मी तिच्या जागी असते तर तासभर बोलले असते. ती एवढेच म्हणाली, "माझ्याकडे चमचो येवक नाय, ता बरा झाला."

मग जे हसू सुरू झाले ते अण्णांचा आवाज पुन्हा जाईपर्यंत चालले.

अण्णांनी तिथल्या तिथे ठराव फिरवला. पण दळवी म्हणाला, कमिटीचा ठराव कमिटीकडे, खोली मालकाची. रोग पसरवल्याची तक्रार आली, त्यावर मालकाने निर्णय घेतला, खोली आता दुसऱ्याला कबूल झाली आहे. पंधरा तारखेला कुलूप. कौसल्या खाली गेली. खालून भांडी बांधल्याचा आवाज येत राहिला. माझ्या खोलीत तो फार स्पष्ट येतो.

डॉक्टरांनी जिन्यातच नीट सांगायला हवे होते. हे माझे मत कायम आहे. त्यांना मी एकच प्रश्न विचारला, अजूनही माझ्यापासून कुणाला होऊ शकतो का. नाही म्हणाले, केव्हाच संपले ते.

सोमवार, १५ जुलै

सकाळी साडेदहाला दळवीच्या कचेरीत गेले. नेसायला फिकट जांभळी साडी, शाळेतल्या बक्षीस समारंभाची.

मी म्हटले, रोग आणणाऱ्याला चाळीत ठेवायचे नाही, या कारणासाठी तुम्ही खोली रिकामी करता आहात. कारण वरच्या मजल्यावर राहते. कोपऱ्यातली खोली, वडिलांच्या नावावर आहे. कुलूप तिथे लावा. मी पिशवी भरून ठेवली आहे.

दळवी म्हणाला, बाई, तुमचे तसे नाही, तुम्ही शिकलेल्या. मी विचारले, कसे नाही? सहाशे चाळीस तुमच्या कानावर आलेच आहेत. खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावर वाकून उरलेला सगळा युक्तिवाद त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन केला. घसा बघायची सवय असल्याने मला तेवढे अंतर सहज जमते. दळवीने आधी खुर्ची मागे घेतली, मग रुमाल काढला, मग खिडकी उघडली. अकरा वाजायच्या आत म्हणाला, राहू दे तिला, खानावळ काय, वाटेल ते चालवू दे, पण तुम्ही आता घरी जा.

आता माझ्यापासून कुणाला काही होत नाही, हे त्याला सांगता आले असते. त्याने विचारले नाही.

घरी येताना चर्नी रोडच्या कोपऱ्यावर रोझीला पत्र टाकले. तिच्या समुद्राच्या हवेबद्दल दोन पाने लिहिली आहेत.

मंगळवार, १६ जुलै

आज खानावळीची चूल पेटली. फोडणीचा वास वर आला. मी शिंकले नाही. म्हणजे तेव्हाच्या त्या शिंका... असो.

बारा वाजता खाली गेले. चाळीस वर्षे या घरात राहून मी पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. दोन्ही बाजूंना पाट मांडलेले, छापखान्याची माणसे बसलेली, मध्ये भिवा. मला बघून त्याचा घास हातात राहिला. शेवटच्या पाटावर जागा होती. मी बसले आणि पदराआडून माझा चमचा काढला. मी हाताने जेवत नाही, सिस्टर बर्नाडेटना ते आवडत नसे.

कौसल्याने वाढता वाढता चमचा बघितला. वाकून माझ्या हातातून तो घेतला आणि चुलीवर भाताचे आधण खळखळत होते त्यात टाकला. सगळी पंगत बघत होती. भात थांबला, माणसे थांबली. बऱ्याच वेळाने तिने तो पळीने बाहेर काढला, पदराला न पुसता वाऱ्यावर धरून निवू दिला आणि माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"आ करा, बाई. जीभ बघूंदे."

भिवा खोकत होता, ते खोकणे नव्हते.

मी आ केला. तिने दांड्याने जीभ हलकेच दाबली, घसा बघितला, मी जेवढा वेळ बघते तेवढाच वेळ, मान डावीकडे करून, मग उजवीकडे. हे सगळे ती केव्हा शिकली मला माहीत नाही. खालून बघत असली पाहिजे इतकी वर्षे.

"बरी आसा," ती म्हणाली, आणि चमचा माझ्या ताटात ठेवला. "जेवा आता."

कुळथाची पिठी होती. मीठ बरोबर होते.

तेहतीस वर्षे आरोग्यशास्त्र शिकवले. चमचा उकळता येतो, हे मी एकदाही बोलले नव्हते.